फॉरमॅट न मारणारे काका

काकांच्या देखत कॉम्प्युटरला ‘डबा’ म्हणायची सोय नाही. म्हटलंत की ते हातातला चहा खाली ठेवतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, “डब्यानं तुझं काय वाकडं केलंय? आत काय काय टाकलंयस ते सांग आधी.” आपण आत काय काय टाकलंय ते आठवत बसतो, तेवढ्यात काका मागच्या चार वायरी काढून परत लावतात. निम्म्या वेळा तेवढ्यानंच मशीन चालू होतं. उरलेल्या निम्म्या वेळा काका जेवायला थांबतात.

हे काका डहाणूत मसोलीला राहतात, पण तसे ते सगळीकडेच असतात. कंपनीनं ज्या सिस्टीमची मुदत संपली म्हणून जाहीर केलं, तीच चालू ठेवायचा विडा उचललेला एक तरी माणूस प्रत्येक गावात सापडतो. आमच्या वाट्याला हे आलेत. डहाणूपासून तलासरीपर्यंत कुणाचाही जुना कॉम्प्युटर अडला की आधी काकांना फोन जातो, आणि काकांनी ‘नाही’ म्हटलेलं निदान मी तरी ऐकलेलं नाही. ‘बघू’ म्हणतात. काकांचं ‘बघू’ म्हणजे दुपार गेली समजा.

काका मूळचे लिपिक. आदिवासी विकास खात्यातली नोकरी या दोन तालुक्यांतल्या आश्रमशाळा आणि कार्यालयं यांच्यात बदल्या खात झाली. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर येणार म्हणून एक खोली वेगळी काढून रंगवली, एसी बसवला, दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी लावली, मशीनला फुलाफुलांचं कव्हर शिवलं. एवढं सगळं झाल्यावर लक्षात आलं की तो चालू कुणी करायचा हे ठरलेलंच नाही. काका मराठी टायपिंगची परीक्षा चाळीसच्या वेगानं पास झालेले. तेवढ्या भांडवलावर साहेबांनी त्यांना आत ढकललं. काका चपला काढून त्या खोलीत गेले ते अजून बाहेर आलेले नाहीत.

पुढे त्या मशीनचं रीतसर निर्लेखन झालं. डेड स्टॉक रजिस्टरात लाल शाईनं रेघ ओढली गेली, भंगाराचा लिलाव पुकारला आणि भंगारवाल्याच्या वर बोली लावून काकांनी ते घरी आणलं. लाल रेघही त्यांनीच ओढली होती. रजिस्टर त्यांच्याच टेबलावर असायचं. “ते कागदावर गेलंय,” काका सांगतात, “मशीनला कुणी कळवलेलं नाही.”

त्या मशीनवर विंडोज एक्सपी आहे. एक्सपी बाजारात आली 25 ऑक्टोबर 2001 ला. ही तारीख काकांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा चटकन आठवते, हे काकूंनी चारचौघांत सिद्ध करून दाखवलंय. 8 एप्रिल 2014 ला मायक्रोसॉफ्टनं तिचा आधार काढून घेतला. म्हणजे नव्या दुरुस्त्या बंद, सुरक्षेचे पॅच बंद, जे होईल ते तुमचं तुम्ही बघा. त्याच वर्षी 1 ऑगस्टला ठाणे जिल्ह्याचे तुकडे होऊन आमचा पालघर जिल्हा झाला. काकांनी यातला एकही निर्णय मनापासून मान्य केलेला नाही. पाकिटावर ते अजून ‘जि. ठाणे’ लिहितात आणि घरात अजून एक्सपी चालवतात. पत्रंही पोचतात आणि मशीनही सुरू होतं. मग अशा माणसाला समजावणार कोण?

तारखांवरून आठवलं. घोलवडकडच्या एका चिकूवाल्या शेठचं बिल दिल्लीच्या व्यापाऱ्यानं परत पाठवलं. बिलाच्या माथ्यावर ‘भौगोलिक मानांकनप्राप्त डहाणू-घोलवड चिकू’, हे मानांकन 2016 चं. खाली पत्त्यात ‘जि. पालघर’, तो 2014 चा. आणि बिलाची तारीख 1 जानेवारी 2002. शेठनं आधी मुनीमाला झापलं, मग अँटीव्हायरस बदलला, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून सीपीयूची दिशा बदलून तो ईशान्येला ठेवला. काका गेले, चार स्क्रू काढले, मदरबोर्डवरचा सीआर 2032 नावाचा चपटा सेल नखानं उचकटला आणि नवा बसवला. मशीन बंद असतानाही आतलं घड्याळ या सेलवर चालू राहतं. सेल मेला की घड्याळ कारखान्यानं दिलेल्या तारखेवर जाऊन बसतं. बँकेची साइट उघडेना, ‘सर्टिफिकेट चुकीचं आहे’ म्हणून सांगते, तेव्हाही पुष्कळदा तारीखच मागे गेलेली असते. डहाणूतले अर्धे व्हायरस म्हणजे हा सेल, असं काकांचं मत आहे. शेठनं पैसे विचारले तर काका म्हणाले, “सेलचे द्या.” शेठनं सेलचे दिले आणि वर चिकूची पेटी दिली. काकूंना तो महिना चिकूचा हलवा, चिकूचं मिल्कशेक आणि चिकूचं लोणचं या क्रमानं काढावा लागला. लोणचं काही जमलं नाही.

काकांची एक रेक्झिनची बॅग आहे. तिच्यात स्टार स्क्रूड्रायव्हर, रंगाचा ब्रश, रिटायर झालेला टूथब्रश, सीआर 2032 चं पाकीट, एक पांढरा खोडरबर आणि सीडींचं पाऊच. सीडींवर काकांच्या वळणदार अक्षरात मार्करनं लिहिलेलं: ‘एक्सपी एसपी 3 – चालते.’ ‘एक्सपी – मधेच अडकते, धीर धरावा.’ ‘आवाजाचा ड्रायव्हर – बोर्डीची बाई.’ एकीवर नुसतंच ‘ही नव्हे’ असं लिहिलंय. ती का जपलीय असं विचारलं तर म्हणतात, “तिच्यावर तसं लिहिलं नसतं तर मी तीच घालत बसलो असतो ना.” याच्यावर बोलण्यासारखं काही नसतं.

एक्सपीची चावी पंचवीस अक्षरांची असते, पाच-पाचचे पाच गट. काकांनी ती एका वर्षीच्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलीय. त्यामुळे ते कालनिर्णय आजही स्वयंपाकघराच्या दारामागे लटकतंय आणि नवं त्याच्यावर. दर दिवाळीत साफसफाईला काकू हात घालतात आणि काका ओरडतात, “त्याला नाही हात लावायचा! त्याच्यात एक्सपी आहे!” पाहुण्यांना वाटतं काहीतरी पुडी बांधून ठेवलीय. बरं, त्या काळात अर्ध्या जगाची एक्सपी फुकटच्या एकाच चावीवर चालत होती. काकांची मात्र ऑफिसच्या खोक्यावरची, अस्सल. निर्लेखनात ती चावी मशीनबरोबर विकली गेली की नाही, हा प्रश्न काकांना एकदा मी विचारला. त्यांनी विषय बदलला.

काकांचं खरं कसब बघायचं तर इराणी आजींकडे. डहाणूच्या वाड्या पारशी-इराणी कुटुंबांनी वाढवल्या. त्यातल्याच एका वाडीत, चिकूच्या गर्द सावलीतल्या जुन्या बंगल्यात, नव्वदीला टेकलेल्या या आजी राहतात. मुलंनातवंडं परदेशात. त्यांनी आजींना टॅब पाठवला, त्याच्या आधी लॅपटॉप पाठवला. दोन्ही पलंगाखाली आहेत. आजींना कॉम्प्युटर लागतो तो सॉलिटेअर खेळायला. विंडोज 8 पासून कंपनीनं तो जुना खेळ काढून टाकला, आणि नव्याच्या मधेमधे जाहिराती येतात. आजींना पत्ते लावताना कुणी गाद्या विकायला आलेलं खपत नाही. डाव सुटला की सगळे पत्ते उड्या मारत खाली येतात, ते त्यांना रोज रात्री झोपण्याआधी एकदा बघायचं असतं. त्यामुळे एक्सपी. फोन येतो, “डीकरा, मारां पत्तां बंध पडी गयां!” काका स्वतः अडुसष्टचे. त्यांना डीकरा म्हणणारं माणूस आता हे एकच उरलंय. त्यामुळे बाकीच्यांना ‘बघू’ आणि आजींना ‘निघालो’.

बटण दाबलं की मशीन ओरडतं. लांब बीप, थांबा, लांब बीप. स्क्रीन काळा. काका डोळे मिटून दोनदा ऐकतात, मग म्हणतात, “रॅम.” वायर काढतात, झाकण बाजूला करतात. आत समुद्राच्या खाऱ्या हवेचं राज्य: स्क्रूंवर गंजाची पूड, पंख्यावर जाड काळी साय, कोपऱ्यात पालीची दोन रिकामी अंडी. रॅमच्या दोन्ही बाजूंचे पांढरे खटके एकाच वेळी अंगठ्यांनी खाली दाबले की पट्टी आपोआप वर उचलते. ती कडेला धरून काका खिडकीपाशी जातात. खालच्या अंगाला सोनेरी दातांची रांग असते. खाऱ्या दमट हवेत त्यांच्यावर अंधुक थर चढतो आणि तेवढ्यानं वीज पुढे जात नाही. काका खोडरबर काढतात आणि एका दिशेनं, वरून खाली, अगदी हलक्या हातानं दात पुसतात. ही बाजू, मग ती बाजू. खोडरबराचा भुगा ब्रशनं झटकतात. ‘तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकी उडते’ असं ते सगळ्यांना बजावतात आणि बजावून झालं की स्वतः एक फुंकर मारतात. मग पट्टीतली खाच खाचेवर आणून दाबायचं. एक खट्, दुसरा खट्. आजी तोवर खुर्चीत पुढे सरकलेल्या असतात. बटण. एकच छोटी बीप. काका काही बोलत नाहीत, पण त्यांच्या मानेवरून कळतं.

मग ती हिरवी टेकडी येते. निळं आकाश, पांढरे ढग. तिचा फोटो चार्ल्स ओ’रिअर नावाच्या छायाचित्रकारानं 1996 साली कॅलिफोर्नियात सोनोमा भागात काढला. काकूंना ती बरीच वर्षं तलासरीहून उधव्याला जाताना लागते ती टेकडी वाटायची, आणि पाऊस पडून गेल्यावर ती तशी दिसतेही. काकांनी आजींना सांगितलं की तिथे द्राक्षाचा मळा होता, मुळांना कीड लागली म्हणून वेली उपटल्या आणि नंतर गवत माजलं, ते हे. आजींनी आयुष्यभर वाडी केलेली. चिकूची बी पोखरणारी अळी काय करते ते त्यांना कुणी सांगायला नको. बराच वेळ टेकडीकडे बघून म्हणाल्या, “बिचारो!” त्या मळेवाल्याविषयी इतकी कळकळ आजवर दुसऱ्या कुणाला वाटली असेल असं वाटत नाही.

फोनवरून दुरुस्ती हा वेगळाच खेळ. तलासरीकडच्या एका आश्रमशाळेतून गुरुजींचा फोन येतो तेव्हा काका हातातलं काम टाकून अंगणात जातात, कारण घरात रेंज नाही आणि गुरुजींकडे तर त्याहून नाही.

“काका, चालूच होत नाहीये.”

“काय दिसतंय?”

“काळं.”

“पूर्ण काळं?”

“पांढरं लिहिलंय.”

“मग ते वाचा ना गुरुजी!”

“इंग्रजी आहे. एन, टी, एल, डी, आर... इज मिसिंग. काका, हे काय हरवलंय? काल संध्याकाळपर्यंत सगळं होतं. शिपायाला विचारू?”

“शिपायाला नका विचारू. पेनड्राइव्ह लावलाय?”

थोडी शांतता. मग, “मुलांच्या हजेरीचा आहे.”

“काढा. आता बंद करा. दहा आकडे मोजा. हळू मोजा. चालू करा.”

पलीकडून टुंग-टुंगची ती ओळखीची सुरावट अंगणापर्यंत ऐकू येते आणि पाठोपाठ वर्गातल्या पोरांचा गलका. झालं काय होतं, तर मशीन सुरुवातीला पेनड्राइव्हमध्ये विंडोज शोधत होतं आणि तिथे हजेरी सापडत होती. काका अशा वेळी गुरुजींना बोल लावत नाहीत. वापरणाऱ्याला नावं ठेवायची ती फक्त घरच्यांना, असा त्यांचा दंडक आहे. त्याचा फायदा काकू, मी आणि माझा मुलगा असे तिघं वर्षानुवर्षं घेतोय.

पेनड्राइव्हवर काकांचा दात आहे. एके काळी या भागातल्या सगळ्या पेनड्राइव्हमध्ये ‘न्यू फोल्डर’ नावाचा एक फोल्डर असायचा. तो फोल्डर नसायचाच. फोल्डरचं सोंग घेतलेला व्हायरस असायचा. उघडायला गेलं की लागला. एमएस-सीआयटीच्या पोरांनी तो क्लासमधून घरी, घरून झेरॉक्सवाल्याकडे आणि तिथून ग्रामपंचायतीत पोचवला. काकांनी त्यावर उपाय शोधला होता: प्रत्येक पेनड्राइव्हमध्ये ‘ऑटोरन डॉट आयएनएफ’ याच नावाचा एक रिकामा फोल्डर करून ठेवायचा. त्या नावाची जागा आधीच भरलेली असली की व्हायरसला स्वतःची फाइल बसवता येत नाही. रेल्वेत रुमाल टाकण्याचं तत्त्व काकांनी असं इथे आणलं. त्यांच्या भिंतीवर देवांच्या रांगेत फोटो लागला नाही इतकंच, नाहीतर अँटीव्हायरसवाले पुण्याचे कैलास काटकर त्यांचं दैवत. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारा मराठी माणूस, धाकट्या भावानं 1995 च्या सुमाराला अँटीव्हायरस लिहिला आणि त्याचं क्विक हील झालं. “कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे!” काका दर वेळी नव्यानं सांगतात. त्यांना त्यातला पुढचा, कोटींचा भाग फारसा रंगवावासा वाटत नाही.

आता फॉरमॅटचं. जुन्या कॉम्प्युटरच्या जगात दोन पंथ आहेत, फॉरमॅट मारणारे आणि न मारणारे. स्टेशनबाहेरच्या दुकानातली पोरं पहिल्या पंथाची. ती झाकणसुद्धा उघडत नाहीत. “फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी या.” संध्याकाळी मशीन कोरं करकरीत, पळतंय नुसतं, आणि मुलीच्या साखरपुड्याचे फोटो गायब. पोरं म्हणतात, डी ड्राइव्हला हात लावला नाही. बरोबर आहे; पण लोक सगळं डेस्कटॉपवर ठेवतात आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमध्येच असतो. हे वाक्य काका दिवसातून एकदा कुणाला तरी ऐकवतात. मला ते झोपेतही म्हणता येईल. काकांच्या मते फॉरमॅट मारायची वेळ येते ती आधीच्या माणसानं ऐकून घेतलं नाही म्हणून. त्यामुळे ते ऐकून घेतात. मशीन कधीपासून हळू झालं? त्याच्या आधी काय घातलं? नातू आला होता का? नातू दर वेळी आलेलाच असतो.

आणि मग चेकडिस्क, म्हणजे डिस्कची तपासणी, लावतात. निळ्या पडद्यावर टक्के सरकायला लागतात आणि काका मांडी घालून बसतात. चेकडिस्कला घाई करता येत नाही. डिस्क जुनी असेल तर चौथ्या टप्प्यावर ती तासन् तास कुंथते. या वेळात काकांना आख्ख्या डहाणूची खबर लागते: कुणाच्या मुलाची बारावी, कुणाच्या वाडीची वाटणी, कुणाचे बोंबील यंदा वाळवायच्या आधीच भिजले. मला कित्येकदा शंका येते की काकांना लगेच दुरुस्त होणारी मशीन्स आवडत नाहीत. मधेच ते उठून कॅबिनेटपाशी जातात आणि नारळ घेताना कानाशी धरून हलवतात त्याच चेहऱ्यानं डिस्कला कान लावतात. घरघर असेल तर हरकत नाही. टक्-टक् ऐकू आलं की मात्र काका तडक बंद करतात आणि म्हणतात, “आता हिला चालवू नका. आधी फोटो काढून घेऊ.” असं म्हणताना त्यांचा आवाज खाली जातो.

लोक हसतात, की एवढं जुनं कशाला सांभाळायचं. हसणाऱ्यांनी एकदा काकांबरोबर एका पत्रिकावाल्याच्या प्रेसमध्ये जावं. तिथे एक्सपीवर पेजमेकर चालतं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, 2001 चीच. त्याच्यावर श्रीलिपीचे मराठी टंक, आणि मागच्या पोर्टला लावलेलं अंगठ्याएवढं कुलूप. ते काढलं तर टंक चालत नाहीत. या टंकांत जुळवलेला मजकूर नव्या मशीनवर उघडला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी टिंबं, चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं येतात. युनिकोड येऊन जमाना झाला, पण वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, वास्तुशांती, दहाव्या-बाराव्याची पत्रं, महालक्ष्मीच्या यात्रेचे फलक, निवडणुकांची पत्रकं, सगळं त्या जुन्या अक्षरांत आहे. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, थोरल्याच्या लग्नात होती तशीच पत्रिका धाकट्याला करा, फक्त नावं बदला. प्रेसवाल्यानं एकदा नवा कॉम्प्युटर घेतला होता. त्याच्यावर आता त्याचा मुलगा क्रिकेट बघतो आणि पत्रिका जुन्यावर निघतात. इथे काकांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं: मशीन नवं घेता येतं, पण त्याच्यावर अवलंबून असलेलं काम दुकानात मिळत नाही.

सगळंच पटतं असं नाही. 2018 च्या नोव्हेंबरपासून आमच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. छोटे, पण पुन्हा पुन्हा. लोक रात्री घराबाहेर झोपायला लागले. त्या दिवसांत काकांनी सगळ्यांना सूचना दिली: “धक्का बसला की आधी शटडाउन करा, मग बाहेर या.” हार्डडिस्कमधलं वाचणारं टोक चकतीपासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं, चालू असताना हादरा बसला की चकती ओरखडते, हे सगळं शास्त्र खरं आहे. काकू त्यावर एवढंच म्हणाल्या, “एक्सपी शटडाउन व्हायला किती वेळ लागतो?” काका म्हणाले, “दोन मिनिटं.” काकूंनी त्या रात्री मुख्य स्विच कुठे आहे ते घरातल्या लहान पोरालासुद्धा दाखवून ठेवलं.

हट्टी आहेत, पण काका वेडे नाहीत. त्यांच्या एक्सपीला इंटरनेटची वायर नाही. क्रोमनं 2016 मध्ये एक्सपीची साथ सोडली त्याच्याही आधी त्यांनी ती उपटली. बँक, वीजबिल, रेल्वेचं रिझर्व्हेशन सगळं मोबाइलवर. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभर धुमाकूळ घातला तेव्हा मायक्रोसॉफ्टनं तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. ती बातमी वाचून काका पेपर घेऊन आमच्याकडे आले. “बघ. यावं लागलं की नाही परत?” वर त्या हल्ल्यात सापडलेली बहुतेक मशीन्स विंडोज 7 ची होती, हेही त्यांना कुठूनतरी कळलं. तो आठवडा काकांनी इस्त्रीचा शर्ट घालून काढला.

अलीकडे काकांच्या हाताखाली तलासरीचा एक मुलगा असतो. हुशार, कमी बोलणारा. काकांना सर म्हणतो आणि काका बघत नसतील तेव्हा यूट्यूब बघून त्यांच्याआधी दोष शोधतो. “सर, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकू या?” हा त्याचा मंत्र. काका म्हणतात, तिच्यातून आवाज येत नाही, बिघडली तर कळणार कसं. मागच्या वर्षी त्या मुलानं एका आश्रमशाळेतली अडगळीत पडलेली जुनी मशीन्स मागून घेतली आणि सगळ्यांवर लिनक्स चढवलं. फुकट, हलकं, व्हायरसचा फारसा त्रास नाही. काकांना सांगितलं नव्हतं. ते गेले, चष्मा वर करून एकेका मशीनपुढे उभे राहिले, पोरं चित्रं काढत होती, टायपिंग करत होती. मला वाटलं आता ऐकवणार. काका म्हणाले, “चालतंय ना? मग झालं.” आणि खुर्ची ओढून बसले ते तासभर उठले नाहीत. आम्ही जाऊन बघितलं तर सगळ्या मशीन्सवर ती हिरवी टेकडी लावून ठेवली होती.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चीही मुदत संपली. त्या मुलाचा लॅपटॉप चांगला धडधाकट, पण विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. तो त्याच्यात नाही. मुलगा तोंड पाडून बसला. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, काकूंना चहात आलं जास्त घालायला सांगितलं आणि सीडींच्या पाऊचमधून एक कोरी सीडी काढून मार्कर त्याच्या हातात दिला. लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नव्हता हा भाग वेगळा.

काकांची खरी अडचण निराळीच आहे. त्यांच्या मशीनला लागते ती चाळीस पिनांच्या रुंद पट्टीवर चालणारी आयडीई हार्डडिस्क, आणि तशा डिस्का आता कुणी बनवत नाही. डहाणूहून लोकलनं मुंबई सेंट्रल, तिथून चालत लॅमिंग्टन रोड, असे काका पूर्वी हौसेनं जायचे. आता तिथली दुकानदार मंडळीही मान हलवतात. एक जण तर म्हणाला, “काका, हे आता म्युझियममध्ये द्या.” काका त्या दुकानात परत गेलेले नाहीत. वापीच्या भंगार बाजारात मिळते कधीमधी, पण दहातल्या आठ टक्-टक् करणाऱ्या.

तेव्हा तुमच्या माळ्यावर, कपाटाच्या वर, दिवाणाच्या पोटात जुना कॉम्प्युटर पडून असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला देऊ नका. आयडीई डिस्क, डीडीआर वन रॅम, समांतर पोर्टची केबल, काहीही चालेल. बोर्डी, घोलवड, डहाणू, तलासरी इथे काका स्वतः येऊन घेऊन जातात. पलीकडे उंबरगावपर्यंतही येतील. तुमचे जुने फोटो आत असले तर ते आधी काढून देतील, पैसे घेणार नाहीत. चहा द्या, साखर कमी. आणि ‘डबा’ म्हणू नका.